न घ्यायचं नाव

कोपरच्या गोदा धवलारणीला काळा रंग म्हणता येत नसे. तिची म्हैस सावळी, कावळा सावळा, तव्याचं बूडसुद्धा सावळंच. कालचं ताक तिच्या घरी 'गेल्या दिसाचं ताक' व्हायचं. कारण तिच्या नवऱ्याचं नाव काळुराम, आणि आगरी जिभेवर ळ काही टिकत नाही, त्याचा ल होतो, जसा ड-ढचा र होतो. काळुराम झाला कालुराम. मग काल तरी कसं म्हणावं? वाटेत कुणी रामराम घातला तर ही नुसते हात जोडायची, नावाचा मागचा अर्धाही उगाच खर्ची पडायला नको. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आजीनं सांगितलं होतं, आणि आजीनं सांगितलेलं गोदानं कधी तपासून पाहिलं नाही. पंचवीस वर्षं संसार झाला होता, काळुराम मिठागरात राबून टणटणीत होता. आणखी पुरावा तो कसला हवा?

आता बाई एवढी नेमाची आणि धंदा कसला, तर लोकांची नावं घेण्याचा. त्या काळी डोंबिवलीला आगगाडी थांबायला लागली नव्हती. ठाण्याकडून यायची आणि शिटी मारून तशीच कल्याणला निघून जायची. खाडीकाठच्या आगरी गावांत लग्नं लागायची ती धवलारणीच्या गळ्यानं. भटजी आला तर आला, नाही आला तर त्याच्या वाटणीची केळी पोरं खायची. पण धवलारीण गायली नाही तर लगीन लागलं असं कुणी मानीत नसे. ढोल नाही, सनई नाही. मांडवात पाटावर बसायचं आणि तांदूळ कांडण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत एकेका विधीचा धवला नुसत्या आवाजावर गायचा.

गोदा गायची ती लेकीबरोबर, रतनबरोबर. गोदा पाटावर उजवीकडे बसून ओळ टाकायची आणि रतन डावीकडून त्या ओळीचं शेपूट उचलून पुन्हा गायची. पहिलीला म्हणत धरणारी, दुसरीला झेलणारी. शेपूट झेललं नाही तर ओळ पडली, आणि लग्नात ओळ पडणं म्हणजे मांडवच खाली येण्यासारखं.

रतन दहा वर्षांची असल्यापासून झेलत होती. गेल्या साली लग्न होऊन ती गावातच, चार घरं पलीकडे सासरी गेली, तरी पाटावरची तिची जागा तीच. आवाज असा, की खाडीतली माणसं वल्हं मारायची थांबायची. लोक हळूहळू म्हणायला लागले होते, "गोदे, आता पोरीला दे की धरायला." गोदा म्हणायची, "देईन ना. माझी मान परली की देईन." मनातली गोष्ट निराळी होती. उजवीकडची जागा एकदा सोडली की आपण भिंतीला टेकून सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्यांत जमा, ही धास्ती तिला आतून कुरतडायची. गाण्यावाचून आपण कोण, हे तिला कधी नीट सुचलंच नव्हतं.

धवल्यात एक ओळ सगळ्यांत मोठी. हळद लागताना आणि लगीन लागताना ती यायचीच: अमक्याच्या पोटचा तमका नवरा. बापाचं नाव आणि नवरदेवाचं नाव, एका दमात. मधे श्वास तुटला तर जोडी तुटते म्हणतात. आणि नाव बारशाचंच हवं, लाडाचं चालत नाही. आता खाडीकाठी काळुरामांचा काही तोटा नव्हता. इतक्या वर्षांत तीन काळुराम बोहल्यावर चढले आणि तिन्ही वेळा गोदाचं काहीतरी बिघडलं. एकदा ताप आला, एकदा पायात काटा मोडला, एकदा तर नुसताच घसा बसला.

"आये, कालुराम बोहल्यावर चरला की तुझाच घसा कसा बसतो गो?" रतन विचारायची. उत्तरादाखल तिला पाठीत धपाटा मिळायचा.

चौथा काळुराम निघाला तो गावच्या महिपत पाटलाचा थोरला. नवरी आंबिवलीची, मालन. नवरीला कोपरला आणून पाटलाच्याच दारी लगीन लावायचं ठरलं. सुपारी द्यायला पाटील जातीनं आला.

"गोदे," तो म्हणाला, "आंबिवलीवाले त्यांच्या हेमा धवलारनीला संगती आनतान. बोलतान, तुमच्या गोदाला ताप आला तं आमची हाय. तवा मी बोललो, आमच्या गोदाला ताप येत नाय."

झालं! ताप आणायची सोयच पाटलानं काढून घेतली. हेमाचा गळा चांगला होता आणि जीभ त्याहून चांगली. ती एकदा कोपरच्या पाटावर बसली की उठायची नाही, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

गोदानं चार दिवस डोकं चालवलं आणि हळदीच्या संध्याकाळी एक युक्ती घेऊनच मांडवात गेली. घरात काळ्याचं सावळं करून तिचं पंचवीस वर्षं भागत होतं. मांडवात का भागू नये?

नवरदेव हळदीला बसला. बायका गोळा झाल्या. गोदानं दम भरला आणि खणखणीत आवाजात ओळ टाकली:

"महिपतच्या पोटचा, सावल्या नवरा गोऽ"

रतनचा आ वासला. पण इतक्या वर्षांची सवय, आ वासलेल्या तोंडातूनच शेपूट बाहेर आलं, "सावल्या नवरा गोऽ."

आणि मांडवाच्या कोपऱ्यात बसलेला सावळ्या ताडकन उभा राहिला.

हा सावळ्या म्हणजे पाटलाचा पुतण्या, बाप गेल्यावर महिपतनंच पोटच्यासारखा वाढवलेला. वय पस्तिशीच्या पुढे, एका डोळ्यानं चकणा, आणि कुणी मुलगी देईना म्हणून राहिलेला. आपलं नाव धवल्यात ऐकून बिचारा कानापर्यंत लाल झाला आणि धोतर सारखं करत पुढे यायला लागला. त्याची आई, धाकू म्हातारी, हळदीची वाटी तशीच टाकून उठली.

"गायली! धवलारीन गायली!" ती ओरडली. "धवल्यात आयला तो नवरा. आता माझ्या पोराला हलद लावा."

एकच गोंधळ उडाला. पाटलीण म्हणते, माझ्या पोराचं नाव बदलणारी ही कोण? धाकू म्हणते, धवलारणीच्या तोंडून देव बोलतो, देवाला खोटं पाडता काय? खरा नवरदेव अंगाला अर्धी हळद माखून पाटावर तसाच बसलेला, लावणारा हातच निघून गेला. सावळ्याला दोघांनी धरून मागे बसवलं तेव्हा तो म्हणत होता, "मी काय बोललोय? मना बोलावलं म्हनून मी उठलो."

हेमा नवरीकडच्या बायकांत बसून हसून हसून खोकत होती. खोकला थांबल्यावर तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "का गो गोदे, आमची मालन एकच हाय. कुनाला देवाची ते तरी ठरवा."

महिपत पाटील मात्र हसला नाही. "उद्या गोरजाला नाव सरल आयलं पायजे," तो गोदाला म्हणाला. "नाय आयलं तं पाट हेमाचा. उद्याचा बी, नि पुढचा बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदा चुलीपाशी बसली होती. भाकरी तव्यावर जळली तरी तिला वास आला नाही. रतन सासरचं काम आटोपून आली, भाकरी उलटली आणि म्हणाली, "आये, उखान्यात नाव घेतानच ना सगल्या? तसं घे."

"उखान्यात नवरा आपला असतो," गोदा फणकारली. "यात काय बोलू? तो नवरा नि मालन नवरी? माझ्याच तोंडानं माझ्या नवऱ्याचं लगीन दुसरीसंगती लावू? नि मी गायलेलं लगीन आजपरेंत मोरलं नाय, ठाव हाय ना?"

रतनला हसू आवरेना. पण आईचे डोळे भरलेले दिसले तशी ती हळूच म्हणाली, "मंग मी धरते. बापसाचं नाव घ्याला मना काय होतंय? महिप..."

आणि तिनं स्वतःचंच तोंड दाबलं.

रतनच्या नवऱ्याचं नाव महिपत होतं. पाटलाच्या नावावरूनच ठेवलेलं.

गोदा पहिल्यांदा त्या दिवशी हसली, आणि अशी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "घे ना, घे! मना शिकवत होतीस ना? बोल, महिपतच्या पोटचा..."

"काय बोलू?" रतन वैतागली. "माझ्या लग्नाला वरीस झाला, नि माझ्या नवऱ्याच्या पोटचा वीस वरसांचा घोरा? सासू घरात घेल का मना?"

इकडे आड, तिकडे विहीर. आईला ओळीचं शेपूट म्हणवत नव्हतं आणि लेकीला तोंड. मग रतनच म्हणाली, "आये, तोंड तुझं, शेपूट माझं."

"ओल तोरायची? मधेच? जोरी तुटंल."

"तोरायची कशाला? तुझा दम संपायच्या आधी मी उचलीन. तू थांबलीस हे तुना बी कलनार नाय."

गोदाला हे पटलं नाही. पटायला वेळही नव्हता. दोघी बसल्या आणि गायला लागल्या. गोदा 'महिपतच्या पोटचा' म्हणून शेवटचा आ लांबवायची, त्या 'आ'च्या पोटातून रतनचा 'का' निघायचा. पहिल्या दहा वेळा सांधा असा वाजला की जणू मडकं फुटलं. कधी रतन लवकर घुसायची, कधी गोदा सोडायलाच तयार नसायची. सोडणं हे बाईला आयुष्यात कधी शिकावंच लागलं नव्हतं.

आणि त्यात भर म्हणून अंगणात काळुराम जाळं विणत बसलेला. दर वेळी आत 'कालुराम' झालं की तो बाहेरून ओ द्यायचा.

"काय गो?"

"तुना नाय, बाबा!"

"कालुराम नवरा गोऽ"

"काय गो?"

"तुना नाय बोललं ना!"

"मंग दुसरा कालुराम कोन हाय घरात?" तो दारात येऊन विचारायला लागला. बायकोकडे बघून म्हणाला, "पोर साठ वेला नाव घेते. तू एकदा बी नाय. पंचवीस वरसं झाली, मना आपलं नाव तुझ्या तोंडी कसं वाजतं ते ठाव नाय." तो हसत म्हणाला खरा, पण हे तो अधूनमधून म्हणत असे, आणि दर वेळी हसू थोडं कमी असे.

"तू जगावा म्हनून घेत नाय," गोदा म्हणाली. काळुराम पुन्हा जाळ्याकडे गेला.

दुपार कलायला लागली तेव्हा कधीतरी सांधा लागला. दोघींनाही ते एकदम कळलं. गोदानं आ लांबवला आणि तो तिच्या तोंडातून गेला कधी, लेकीच्या तोंडात निघाला कधी, तिचं तिलाच समजलं नाही. काळुरामानं ओ दिली नाही. नाव कुणी घेतलं तेच न कळून तो दारात आला आणि दोघींच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत उभा राहिला.

गोरजाची वेळ झाली. गुरं परतत होती, मांडव खचाखच भरला होता. सावळ्याला धाकू म्हातारीसकट मागच्या रांगेत, दोन धट्टेकट्टे भाऊबंद बाजूला बसवून, बंदोबस्तात ठेवलं होतं. हेमा पाटाला अगदी लागून बसली होती, पदर सावरून, गळा खाकरून. मालनला आणलं. अंतरपाट धरला. पाटलानं गोदाकडे पाहिलं.

गोदानं दम भरला.

"महिपतच्या पोटचाऽ कालुराम नवरा गोऽ"

एक ओळ, एक दम. खाडीच्या पाण्यासारखी सपाट, कुठे सुरकुती नाही. रतननं शेपूट पुन्हा झेललं, "कालुराम नवरा गोऽ", अक्षता पडल्या, अंतरपाट सुटला, लगीन लागलं. महिपत पाटलाचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

आणि मग मांडवात कुजबूज सुरू झाली. कुणाच्या तरी ध्यानात आलं, की अरे, काळुराम! कोपरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं की गोदा तव्यालासुद्धा काळा म्हणत नाही. "नाव घेतलं! गोदानं नाव घेतलं!" कुजबूज मागच्या रांगांपर्यंत पोचली. तिथे तिचा नवरा उभा होता. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं, डोळे पुसले, पुन्हा उलटं बांधलं आणि शेजारच्याला म्हणाला, "ऐकलंस? घेतलं! माझ्या बायकोनं घेतलं!" मांडवातल्यांना सांगून त्याचं समाधान होईना, म्हणून तो बाहेर चुलाणांवर भात शिजत होता तिथल्या माणसांना सांगायला गेला.

हेमा कशी सोडील? हाताशी आलेला पाट गेला, निदान कातडं तरी सोलावं. "का गो गोदे," ती म्हणाली, "आमच्या आंबिवलीला तुझ्या नेमाचं केवढं नाव होतं! भर मांडवात नवऱ्याचं नाव घेतलंस? तुना काय, पाट पायजे, मंग नवरा जगो की मरो!"

आता गोदाला खरं सांगायला किती वेळ? पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असं करण्यासारखी ही गोष्ट नव्हती. धवल्याचा कायदा होता: नवरदेवाचं नाव ज्या तोंडातून आधी येतं ते तोंड धरणारं. नाव मी घेतलं म्हणावं तर पाट राहतो आणि नेम जातो. पोरीनं घेतलं म्हणावं तर नेम राहतो आणि पाट जातो. भिंत, सुपारी, अडकित्ता, सगळं तिला समोर दिसलं. गप्प राहिलं तर? लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. पाट कुणी विसरत नाही.

तिनं बाजूला पाहिलं. रतन मान खाली घालून ओच्यातल्या अक्षता वेचत होती. ती काही बोलणार नव्हती. एवढी ओळ गायली, सगळ्या मांडवाच्या अंगावर काटा आणला, आणि ते आईच्या नावावर जमा होताना पोर मुकाट अक्षता वेचत होती. जणू दहा वर्षं शेपटं उचलून तिला आपलं असं काही असतं हेच ठाऊक नव्हतं. गोदाला स्वतःची लाज वाटली. अशी लाज तिला आयुष्यात वाटली नव्हती, सावळ्या उभा राहिला तेव्हाही नाही.

"नाव माझ्या पोरीनं घेतलं," ती मोठ्यानं म्हणाली. "माझं तोंड फक्त उघरं होतं."

"खोटं!" हेमा म्हणाली. "दोन गले असे जोरत नसतान. मी इथं हातभर लांब बसलीय."

"नसतान जोरत," गोदा म्हणाली. "माझे जोरले."

हेमानं दोघींकडे नीट पाहिलं. काही झालं तरी बाई धंद्यातली होती. ती कुणी न विचारता म्हणाली, "मंग पोर धरनारी झाली."

"झाली," गोदा म्हणाली. ती उठली. गुडघा दुखत होता, तो धरून पाटाच्या डाव्या टोकाला गेली आणि रतनला कोपरानं ढकलून म्हणाली, "सरक उजवीकरं."

रतन आईकडे बघतच राहिली. "आये, नको ना."

"सरक बोलली ना! नवरी उंबऱ्यावर उभी हाय, तिचे पाय दुखतान."

उंबऱ्याचा धवला राहिला होता. मालन दारात उभी, उंबऱ्यावर तांदळाचं माप, आत नवरदेव. रतननं डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा धरणारी म्हणून ओळ टाकली. आवाज सुरुवातीला कापला, मग असा उघडला की मांडवातली पोरंसुद्धा रडायची थांबली.

"मालन आयली घराऽ, दारी उभा कालुराम गोऽ"

ओळ संपली. शेपूट पडायला लागलं. आणि तेव्हा गोदाच्या ध्यानात आलं की झेलणारी आता आपण आहोत.

दारी उभा कालुराम. हेच शेपूट. ते उचलायचं होतं, आत्ता, या श्वासाला. रतनचे डोळे उघडले. तिलाही आत्ताच कळलं होतं, आणि ती घाबरून आईकडे बघत होती. सावळ्याचं नाव घालायची सोय नव्हती. घसा बसायला वेळ नव्हता. लेकीची पहिली ओळ भर मांडवात जमिनीवर पडणार होती, आणि ती झेलायला जगात एकच तोंड होतं. आजी, नेम, आयुष्याची दोरी, सगळं गोदाच्या डोक्यात एकदम आलं. पण गळा डोक्याची वाट बघत नाही. तो तीस वर्षं मांडवात वाढलेला होता.

"दारी उभा कालुराम गोऽ" गोदा गायली.

साफ गायली. सगळी अक्षरं घेऊन गायली. नाव घशातून असं आलं की जणू ते तिथेच कुठेतरी बसून होतं. मालननं माप लवंडलं, आत पाऊल टाकलं, बायकांनी गलका केला. कुजबूज झाली नाही की कुणी हेमासारखं बोट दाखवलं नाही. सगळ्यांचे डोळे नवरीच्या पायांकडे होते. गोदानं मान वळवून मागच्या रांगेत पाहिलं. काळुरामाची जागा रिकामी होती. तो बाहेर चुलाणाच्या उजेडात उभा होता, हातवारे करून चार आचाऱ्यांना काहीतरी सांगत होता. आचारी हसत होते.

जेवणं झाल्यावर तिघं घराकडे निघाली. काळुराम पुढे, उलटं बांधलेलं मुंडासं अजून तसंच. त्याचं बोलणं थांबत नव्हतं. "तुझं तोंड उघरलं, नि मना कललंच. बोललो, आज येनार. पोरीच्या तोंडी नाव वेगलं वाजतं, नि बायकोच्या तोंडी वेगलं. मानसाला फरक कलतो ना?"

रतननं तोंड उघडलं. गोदानं तिला असा चिमटा काढला की पोर कळवळली.

"ऐकलास ना तू?" गोदा नवऱ्याला म्हणाली. "मंग झालं तं."

"परत एकदा बोल ना. इथं कोन हाय?"

"लगीन काय रोज लागतं?" ती म्हणाली.

तो खुशीत हसला आणि भराभर चालायला लागला. गोदा मागून त्याला निरखत होती. पाऊल ठीक पडत होतं, पाठ ताठ होती, दम लागलेला दिसत नव्हता. जिवाला काही झालं नव्हतं. आणि ते पाहून निर्धास्त व्हावं, तर तिला भारी वाईट वाटलं, की एवढं आपण नाव घेतलं, आणि ते त्याला ऐकूच आलं नाही.